दिवसा कॉफी, रात्री बिअर आणि आपलं बारमाही सोंग

काल दुपारपासून एकच फॉरवर्ड मला अकरा जणांनी पाठवलाय. सुरुवातीला तीन लाल दिवे, मग "जागे व्हा", आणि मग "आपल्या गावात कॅफेच्या नावाखाली दारूचा अड्डा". खाली निवेदनाचा फोटो. सह्या छत्तीस. "भाऊ, उद्याच्या अंकात लावा" असा प्रेमळ आदेशही सोबत.

लावतो. निवेदन ही बातमी आहे आणि ती देणं माझं काम आहे. पण पाठवण्याआधी मी मजकूर दोनदा वाचला आणि सह्या तीनदा वाचल्या. बातमीत जे लिहिता येत नाही ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. कॉफी घेतलीत तरी चालेल, अजून तरी कॉफीविरुद्ध निवेदन आलेलं नाही.

आधी प्रकरण काय ते सांगतो, कारण फॉरवर्ड पाठवणाऱ्या अकरापैकी नऊ जणांना ते माहीत नव्हतं. फोन करून विचारलं म्हणून सांगतोय.

आपल्या गावात एक नवरा-बायको कॅफे चालवतात. तो पुण्यात काही वर्षं हॉटेलांत राबून परत आलेला, ती इथलीच. कर्ज काढून कॉफीचं मशीन घेतलं, पुढच्या बाजूला पूर्ण काच लावली, आत कुठेही पडदा नाही, कप्पे नाहीत. कॉलेजची पोरं-पोरी येतात. चौघांत दोन कोल्ड कॉफी, चार स्ट्रॉ आणि दीड तास टेबल. हा धंदा कसा चालतो ते ज्यानं हॉटेल चालवलंय त्याला विचारा. आणि संध्याकाळी शेवटच्या एसटीनं पोरं खेड्यावर गेली की कॅफे रिकामा. भाडं मात्र चोवीस तासांचं.

म्हणून त्यांनी ठरवलं की दिवसा कॉफी चालवायची, सहाला बंद करायचं, आणि सात ते साडेदहा बिअर, वाइन, सोबत खायला काहीतरी धड. व्हिस्की, रम नाही. त्यासाठी कायदेशीर परवान्याचा अर्ज करायचा. आजच्या तारखेला त्यांनी एक बाटलीही विकलेली नाही. अर्जाची तयारी चाललीय एवढं कळलं, आणि "अड्डा" तयार झाला.

आता जरा आपल्या गावाचा नकाशा काढू.

देशी दारूचं दुकान. सकाळी मजूर कामावर जायच्या आधी तिथे काय चालतं ते बाजारपेठेत दुकान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. बिअर शॉपी. तिथे फक्त विकायची परवानगी, प्यायची नाही. मग घेतलेली बिअर जाते कुठे? शेजारच्या बोळात, बाजार समितीच्या मागे, उभ्या गाडीत, नदीच्या पुलाखाली. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना काचा दिसतात. परमिट रूम. काळ्या काचा, आत एवढा अंधार की समोर सख्खा भाऊ बसला तरी ओळख पटू नये, आणि तशीच सोय केलेली. वर "फॅमिली सेक्शन" लिहिलेलं, जिथे मी वीस वर्षांत एकही फॅमिली पाहिलेली नाही. मग रस्त्यावरचे ढाबे. त्यातल्या किती जणांकडे परवाना आहे हे ढाबेवाल्याला माहीत, आपल्याला माहीत आणि ज्यांनी पाहायचं त्यांनाही माहीत. आणि सातपुड्याच्या पायथ्याला हातभट्टी, तिच्याबद्दल तर बोलायचीच सोय नाही.

मंडळी, या सगळ्याविरुद्ध छत्तीस सह्यांचं निवेदन माझ्याकडे कधी आलं? मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. खेड्यांतल्या बायका आल्या होत्या, दोनदा, अंगठे उठवून. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. पण बाजारपेठेतल्या प्रतिष्ठितांचं निवेदन पहिल्यांदाच आलं, तेही काच असलेल्या, दिवा असलेल्या, अर्ज करणाऱ्या जागेविरुद्ध.

छत्तीस सह्यांतले किमान सहा जण कुठे "बसतात" हे मला माहीत आहे. कारण त्यातल्या दोघांसोबत मीही बसलोय. नावं घेणार नाही. घाबरू नका, पण विसरूही नका.

मी कोण मोठा शहाणा, असं कुणी म्हणायच्या आत माझं पाप मी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच गावात एका कॅफेवर छापा पडला होता. तिथे पडदे होते, कप्पे होते. पाच-सहा मुलं-मुली सापडल्या. सगळी अठराच्या वरची. गुन्हा त्यांच्यावर काही दाखल झाला नाही, होण्यासारखा नव्हताच. आईबापांना बोलावलं, समज दिली, सोडलं. बातमी मी केली. मथळा मीच दिला, "कॅफेच्या नावाखाली अश्लील चाळे". हा मथळा महाराष्ट्रात इतक्या वेळा छापून आलाय की तो आमच्याकडे तयारच असतो, फक्त गावाचं नाव बदलायचं. सोबत ओढणीनं तोंड झाकलेल्या मुलींचा फोटो.

त्यातल्या एका मुलीच्या ओढणीचा रंग तिच्या गल्लीनं ओळखला. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद केलं. दुसऱ्या वर्षाला होती. चार महिन्यांत लग्न. हे मला दोन वर्षांनी कळलं, तिच्या भावाकडून, एसटीत, शेजारी बसून. तो भांडला नाही. "तुम्हीच लिहिलं होतं ना?" एवढंच विचारलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

त्या कॅफेतल्या पोरी तिथे का जात होत्या? कारण या गावात दोन माणसांना समोरासमोर बसून बोलायला दुसरी जागा नाही. बागेत टवाळ पोरं, देवळात ओळखीचे, एसटी स्टँडवर सगळं गाव. पडद्यांची गरज त्या मालकानं निर्माण केली नव्हती, आपण केली होती. आणि आज ज्यांनी पडदा काढून काच लावली त्यांनाही आपण तोच मथळा चिकटवतोय. "कॅफेच्या नावाखाली." या वेळी तो मथळा मी देणार नाही.

आता कायद्याचं बोलू.

आपल्या राज्यात ज्या कायद्यानं दारूचे परवाने मिळतात त्याचं नाव काय? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. पूर्वी 'मुंबई' होतं, मग 'महाराष्ट्र' झालं. 'दारूबंदी' तशीच राहिली. बंदीच्या कायद्याखाली परवाने द्यायचे आणि खात्याचं नाव ठेवायचं राज्य उत्पादन शुल्क. पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, एक दिवसाचा का होईना. तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात तो पाहिलाय, हात वर करा. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे सौम्य आणि कडक यात फरक आहे हे कायद्याला आधीपासून मान्य आहे. बिअर बारसाठी 'नमुना ई' नावाचा परवाना परमिट रूमपेक्षा वेगळा आहे. त्या जोडप्यानं काही नवीन शोधून काढलेलं नाही. कायद्यात जे आहे ते मागतायत.

शेजारी बघा. आमच्यापासून बऱ्हाणपूर काही लांब नाही, केळीचा निम्मा व्यवहार तिकडचा. मध्य प्रदेश सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून एकाच धोरणात दोन गोष्टी केल्या. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मैहर धरून १९ तीर्थस्थळांची दारूदुकानं बंद केली. आणि त्याच वेळी 'लो अल्कोहोलिक बेव्हरेज बार' असा वेगळा प्रकार आणला. बिअर, वाइन आणि जास्तीत जास्त १० टक्क्यांची तयार पेयं चालतील, स्पिरिट अजिबात नाही. पटो न पटो, सरकारनं निदान बोलून तरी दाखवलं की कुठे काय नको आणि कुठे काय चालेल. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकायचा निर्णय झाला, "मद्यराष्ट्र" म्हणून गदारोळ झाला, अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. विरोध करणाऱ्यांचा हक्क होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो निर्णय गेल्यामुळे आपल्या देशीच्या दुकानातली एक तरी बाटली कमी झाली का?

२०१७ आठवतं? सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ एप्रिलपासून महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली. तेव्हा कितीतरी शहरांत बार वाचावेत म्हणून रस्त्यांचे दर्जे बदलून घ्यायची धावपळ झाली. रस्ता जिथे होता तिथेच राहिला, कागदावरचा महामार्ग तेवढा गेला. अंधाऱ्या काचांच्या मागे बसणाऱ्यांची ताकद ही अशी असते. कॉफीच्या मशीनचे हप्ते भरणाऱ्या जोडप्यामागे कोण आहे?

आणि "हे आपल्या संस्कृतीत बसत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा मुंबईला कुलाब्याला जाऊन यावं. लिओपोल्ड १८७१ पासूनचं, मोंडेगर १९३२ पासूनचं. दोन्ही इराण्यांनी सुरू केलेली, दोन्हींच्या नावात 'कॅफे', आणि टेबलावर बिअर. इटलीत तर 'बार' म्हणजे सकाळी उभ्याउभ्या कॉफी प्यायची जागा. त्याच जागी संध्याकाळी लोक वाइनचा ग्लास घेतात आणि घरी जेवायला जातात. तिथली आजीही जाते. आपल्याकडे बार म्हटलं की आपल्याला आधी काळी काच आठवते, तो आपला दोष.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की भाऊ दारूचा प्रचार करतोय. थांबा.

माझे सख्खे काका दारूनं गेले. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, वय ४९. त्यांना मी कधीही बारमध्ये पिताना पाहिलं नाही. ते गोठ्यात प्यायचे, एकटे, कडब्यामागे क्वार्टर लपवून. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बोललं तर इज्जत जाणार. इज्जत राहिली, काका गेले. तेव्हा दारू काय असते ते मला कुणी निवेदनातून शिकवू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित नाही. थोडी चांगली असते, वाइन हृदयाला बरी, हे सगळं विसरा. कमी वाईट एवढंच म्हणता येतं.

म्हणूनच 'लो-अल्कोहोल' या शब्दालाही मी भुलत नाही. जरा हिशेब करू. आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी स्ट्राँग बिअरला. ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. म्हणजे बाटलीत शुद्ध अल्कोहोल ५२ मिली. व्हिस्की ४२.८ टक्के, ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली बरोबर व्हिस्कीचे दोन मोठे पेग. "मी फक्त बिअर घेतो" म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्या सगळ्या मित्रांना हे एकदा वाचून दाखवा. उलट ५ टक्क्यांची ३३० मिलीची पाइंट घेतली तर साडेसोळा मिली. फरक बिअर आणि व्हिस्कीत कमी आणि किती प्यायलो यात जास्त आहे. तेव्हा कॅफेवाल्या दादा-वहिनी, फळ्यावर 'लो-अल्कोहोल' लिहून स्ट्राँग विकणार असाल तर तुमच्याविरुद्धची पुढची पोस्ट माझीच असेल.

आता त्या खेड्यातल्या बायकांबद्दल. आडव्या बाटलीसाठी ज्यांनी उन्हात उभं राहून मतदान केलं, ज्यांनी गावातलं दुकान बंद पाडलं, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. त्यांची लढाई घरात येणाऱ्या माराविरुद्ध आहे, मजुरी गुत्त्यावर उडण्याविरुद्ध आहे. आमच्याकडे आलेल्या मावशीनं निवेदनासोबत फुटलेली बांगडी आणली होती. तिच्या नवऱ्याची मजुरी या कॅफेत जाणार नाही, ती जाते देशीच्या दुकानात आणि हातभट्टीवर. तिथे मोर्चा न्यायचा तर हातपाय थरथरतात आणि कॅफेवर न्यायचा तर संस्कृती आठवते. त्या मावशीच्या बांगडीचा वापर तुमच्या सोयीच्या निवेदनाला करू नका.

आणि अंधाराची किंमत काय असते तेही आठवा. मालवणी, मालाड, जून २०१५. विषारी गावठी दारूनं शंभरहून जास्त माणसं मेली. तिथे काच नव्हती, दिवा नव्हता, बिल नव्हतं, आणि बाटलीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर खटकतो, आणि तो मी टाळणार नाही. माझ्या घरातूनच आला. बायको म्हणाली, "रात्री तिथे बिअर मिळायला लागली की दिवसा आपल्या पोरीला तिथे बसू देशील?" मी गप्प झालो. मुलगी अकरावीला आहे.

हा प्रश्न खरा आहे. परवाना जागेच्या नकाशावर मिळतो. टेबल तेच, भिंती त्याच. गावात एकदा "बार" असा शिक्का बसला की कॉलेजच्या पोरींचं दिवसाचं येणं बंद होईल. जी एकच उजेडाची जागा त्यांना मिळाली होती तीही जाईल. आणि ती रात्रीच्या बिअरनं जाणार नाही, आपल्या तोंडच्या शिक्क्यानं जाईल, पण जाईल हे खरं.

म्हणून माझा पाठिंबा बिनशर्त नाही. कॅफेत जाऊन तोंडावर सांगून आलो, तेच इथे लिहितो.

१. काच अशीच उघडी राहील. पडदा, काळी फिल्म, 'फॅमिली सेक्शन' काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसलं पाहिजे. ज्याला दिसायचं नाही त्यानं येऊ नये.

२. दिवसा बाटली, ग्लास, कंपनीची जाहिरात, काही म्हणजे काही दिसणार नाही. सगळं कुलपात. सहा ते सात पूर्ण बंद, झाडलोट, मगच रात्रीचं सुरू.

३. ओळखपत्र पाहिल्याशिवाय ग्लास नाही. आमदाराचा पुतण्या असला तरी २१ म्हणजे २१.

४. स्ट्राँग बिअर ठेवायची नाही. मेनूवर किमतीशेजारी टक्के आणि मिली लिहायचे.

५. मोटारसायकलची किल्ली काउंटरवर. कायद्यानं १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा. पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो हे वेगळं सांगायला नको.

६. साडेदहा म्हणजे साडेदहा. "भाऊ, एक शेवटची" नाही.

वहिनींनी सगळं वहीत लिहून घेतलं. पाचव्या मुद्द्याला दादा हसला, म्हणाला, "गिऱ्हाईक मारेल मला." वहिनी म्हणाल्या, "मारू दे, मी काउंटरला बसणार आहे." मला त्यांचं हे वाक्य आवडलं. आपल्या गावात रात्री साडेदहापर्यंत काउंटरला बाई बसलेली शेवटची कुठे पाहिली होती ते आठवून बघा.

माझ्या बायकोच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण पुढच्या शनिवारी दुपारी मी मुलीला घेऊन तिथे जाणार आहे, काचेजवळच्या टेबलावर बसून कोल्ड कॉफी प्यायला. परवाना मिळाला तरी जाणार. गावानं बघावं म्हणूनच जाणार. शिक्का पुसायचा तर कुणीतरी आधी तिथे बसायला लागेल.

आता सोमवारी तहसीलवर निवेदन द्यायला निघालेल्या छत्तीस जणांना हात जोडून एक विनंती. निवेदनात अजून एक परिच्छेद घाला. विनापरवाना दारू विकणाऱ्या ढाब्यांवर कारवाई करा, पायथ्याच्या हातभट्ट्या मोडा, देशीचं दुकान वेळेआधी उघडतं ते थांबवा, असं त्यात लिहा. नावानिशी, ठिकाणानिशी लिहा. तुम्हाला माहीत नसतील तर मी सांगतो, आपण तिथेच तर भेटतो.

तो परिच्छेद घाला, सदतिसावी सही माझी. तेवढी हिंमत नसेल तर कॅफेचं नाव खोडा आणि घरी जा.

(कमेंटमध्ये शिव्या चालतील, आईवरून नको. आणि कॅफेवाल्यांचे फोटो, नंबर कुणी टाकले तर सरळ ब्लॉक. एक ओढणी मी आधीच विसरू शकलेलो नाही.)